बिनतारखेचा कागद

“इच्या अंगावर टाकून पाहा ना. इले पोट तयारच आहे.”

भाभी असं म्हणाल्या आणि गादीवर बसलेलं सगळं गिऱ्हाईक हसलं. भाभी म्हणजे आमच्या सेठची बायको. वाशीमच्या बाजारातलं साड्यांचं दुमजली दुकान, लग्नसराई, बाहेर मे महिन्याचं ऊन. रिसोडकडचं एक बडं घर आलं होतं. सासू, दोन नणंदा आणि मधोमध खुर्चीवर त्यांची सून. तिला सातवा महिना. डोहाळजेवणाची हिरवी साडी घ्यायची होती. तिच्या हातात सरबताचा ग्लास होता, पाठीला उशी होती. तिला ऊठबस नको म्हणून साडी दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर बघायची होती.

मलाही सातवाच महिना होता.

सकाळी दहापासून मी उभी होते. आमच्या दुकानात विकणाऱ्या बाईने बसायचं नाही. खुर्च्या गिऱ्हाइकासाठी. पाय सुजून चपलेचा पट्टा रुतत होता. मी हिरवी साडी घेतली, ड्रेसवरूनच गुंडाळली, निऱ्या पाडल्या, खांद्यावर पदर घेऊन दोन पिना लावल्या. हे काम मी चार वर्षं करत होते. डोळे मिटूनही निऱ्या सारख्या पडतात.

“बाजूनं वळ जरा,” नणंद म्हणाली. मी वळले. “पोटावर कशी दिसते पाहू.” ती उठली आणि दुकानातल्या लाकडी बाहुलीला लावावा तसा तिने माझ्या पोटाला हात लावला. विचारलं नाही. निरी दाबून नीट केली. आत लेकरू हललं. तिच्या हाताला कळलं असावं, कारण ती म्हणाली, “अगं बाई, लाथ मारते हे तं.” पुन्हा सगळे हसले. मीसुद्धा हसले. गिऱ्हाईक हसलं की हसायचं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात.

साडी सगळ्यांना आवडली. सासूबाईंनी पदर हातात घेऊन काठ पाहिला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “आडनाव काय वं तुयं? कोठची तू?”

मी आडनाव सांगितलं. गाव केनवड म्हणून सांगितलं.

त्यांनी पदर सोडला. फेकला नाही, नुसता सोडला. भाभींकडे वळून म्हणाल्या, “याच्यात दुसरा पीस आहे काय? पॅक?”

“आहे ना,” भाभी म्हणाल्या. त्यांना लगेच कळलं. त्यांनी कपाटातून तसाच दुसरा पीस काढला, पिशवीतला, घडी न मोडलेला. तो घेऊन ते घर गेलं. मी दारापर्यंत जाऊन “पुन्हा या” म्हटलं. तेही आमचं कामच.

मागे भाभी माझ्या अंगावरची साडी उतरवायला उभ्या होत्या. खांद्याजवळ नाक नेऊन त्यांनी वास घेतला. “घामेजली आता. बाजूला टाक इले. सेलमधी काढू.” पिना काढताना डाव्या खांद्यावर कापडाला दोन बारीक भोकं पडली होती. त्याबद्दलही बोलल्या.

मला शिसारी आली. त्या म्हातारीची आली, भाभींची आली. आणि सगळ्यात जास्त माझीच आली. कारण मी हसले होते.

आता कागदाबद्दल सांगते.

मी बी.ए. झालेली. मुक्त विद्यापीठातून. चार वर्षांपूर्वी दुकानात लागले तेव्हा सेठने समोर बसवलं, कोरा कागद दिला, पेन दिला. म्हणाला, अक्षर चांगलं आहे तर स्वतःच्याच हातानं लिही. आणि सांगत गेला. मी लिहीत गेले. मी वैयक्तिक कारणास्तव माझ्या कामाचा राजीनामा देत आहे, माझी दुकानाबद्दल कोणतीही तक्रार नाही, एक महिन्यानंतर मला मोकळं करावं. कामावर लागायच्या दिवशी काम सोडल्याचा कागद. मी विचारलं, “तारीख?” सेठ म्हणाला, “तारीख राहू दे. ते आमी पाहू.”

दुकानात आम्ही सतरा जण. बायका बारा, गडी पाच. सतराही जणांचे असे कागद एका निळ्या फायलीत. फाईल गल्ल्याखालच्या कपाटात. आमच्या बोलण्यात त्याला नुसतं “कागद” म्हणतात. “तिचा कागद निघाला” म्हटलं की ती उद्यापासून येणार नाही, हे सगळ्यांना समजतं. कोणाचा चोरी केली म्हणून निघत नव्हता. लग्न ठरलं की निघायचा. पोट दिसायला लागलं की निघायचा. माझा लग्नसराईत हात कमी पडू नयेत म्हणून तेवढा थांबला होता.

मंगलाताई सगळ्यात जुनी. तिचा दोनदा निघाला. दोन बाळंतपणं, दोन कागद. लेकरू वर्षाचं झालं की ती पुन्हा येऊन उभी राहायची आणि सेठ पुन्हा नव्या पोरीसारखी तिला पायपुसणी-टॉवेलच्या कप्प्यापासून सुरुवात करायला लावायचा. पुन्हा कोरा कागद, पुन्हा तिचं अक्षर. दहा वर्षं झाली असतील तिला. हिशेबाने ती नवीनच. मी एकदा तिला विचारलं की तू काही बोलली कशी नाहीस. ती साडीची घडी घालत होती. घालतच राहिली.

“बोलून काय करू? परत घेतलं, हेच लय झालं.”

माझी नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मागच्या साली तिला मुलगा झाला. सहा महिने घरी होती, पगार चालू. मी तिच्या बाळाला मांडीवर घेऊन बसले होते आणि मला वाटलं होतं, सरकारी नोकरी आहे, तिचं नशीब. असंच वाटलं होतं. हिरव्या साडीच्या दिवशी घरी आले, पाय बादलीत घालून बसले आणि पहिल्यांदा डोक्यात आलं की तिचं पोट आणि माझं पोट यात फरक काय? तिचं सरकारी आणि माझं खाजगी?

मी फोनवर वाचायला लागले. मराठीत सगळं आहे. वाचणारा पाहिजे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेलं दुकानसुद्धा कायद्यात येतं. बाळंतपणाच्या आधीच्या वर्षात ऐंशी दिवस काम केलेलं पाहिजे. माझी चार वर्षं. पहिल्या दोन लेकरांना सव्वीस आठवडे रजा, पगारी. त्या रजेत कामावरून काढता येत नाही. मी ते तीन वेळा वाचलं. मग नवऱ्याला वाचून दाखवलं. तो ऑटो चालवतो. स्टेशनवरून नुकताच आला होता. म्हणाला, “कायदा हाय त खरं, पन सेठ मानन काय? कायले कटकट घेतं?” तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त भीती वाटते. भीती मलाही वाटत होती.

तरी मी अर्ज लिहिला. याच अक्षरात. जूनच्या मध्यापासून रजा मिळावी, बाळंतपणाचा पगार मिळावा, रजेनंतर त्याच कामावर घ्यावं. खाली सही, आणि या वेळी मी तारीख टाकली. सोळा मे.

सेठने अर्ज उभ्यानेच वाचला. पहिल्यांदा त्याला गंमत वाटली. भाभींना बोलावून दाखवला. “पाहा, आपली पोरगी कायदा शिकून राह्यली.” मग म्हणाला, बघतो. दोन दिवस कोणी काही बोललं नाही. माझ्याशी बोलणंच बंद झालं. मी कप्प्याकडे गेले की बाकीच्या पोरी दुसऱ्या कप्प्याकडे सरकायच्या. मंगलाताईसुद्धा.

तिसऱ्या दिवशी सेठने मला गल्ल्याजवळ बोलावलं. निळी फाईल उघडी होती. वर माझा कागद होता. माझंच अक्षर, चार वर्षांपूर्वीचं, काळ्या शाईत. आणि वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईत तारीख. चौदा एप्रिल.

“तू मागच्या मयन्यातच राजीनामा देल्ला ना,” सेठ म्हणाला. आवाज अगदी गोड. “एक मयना कवाच झाला. मी माणुसकी म्हनून वरचे चार दिवस काम करू देल्लं. आता घरी आराम कर. बाळंत हो. मंग पाहू.”

त्याने काय केलं होतं ते मला उभ्या उभ्या कळलं. माझा अर्ज मेमधला. म्हणून त्याला राजीनामा त्याच्या आधीचा पाहिजे होता, म्हणजे हा अर्ज नोकरी सोडलेल्या बाईचा ठरेल. त्याने बोटावर एक महिना मागे मोजला, वर एकदोन दिवस टाकले आणि आकडा लिहिला. त्याच्यासाठी तो नुसता आकडा होता. गल्ल्यामागच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं आहे, त्यावर तो आकडा लाल आहे. रोज त्या कॅलेंडरकडे पाठ करून बसणाऱ्या माणसाला चौदा एप्रिलला काय असतं ते आठवलंच नाही.

त्या दिवशी मी वाशीममध्येच नव्हते. जयंतीला मी दरवर्षी केनवडला जाते. आईकडे. या वर्षी पोट पुढे घेऊन मिरवणुकीत चालले, संध्याकाळी विहारासमोर आईबरोबर मठ्ठा वाटला. दुकानात आम्ही तिघी बौद्धांच्या, तिघीही त्या दिवशी सुट्टी घेतो. सेठ कुरकुर करतो, पण देतो.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं नाही. एरवी मी घाबरून गप्प बसायचे. त्या दिवशी मी ठरवून गप्प बसले.

तेवढ्यात वरून भाभींनी हाक मारली. पुन्हा डोहाळजेवणाचं गिऱ्हाईक आलं होतं. सेठ म्हणाला, आजचा दिवस तेवढं काम कर, मग जा. मी जिना चढले. एक एक पायरी. वर भाभी हातात मोरपंखी हिरवी साडी घेऊन उभ्या होत्या. पिना तोंडात धरलेल्या. गिऱ्हाइकाला म्हणत होत्या, थांबा, आमच्याकडे मॉडेल आहे.

मी खुर्ची ओढली आणि बसले.

गिऱ्हाइकाची खुर्ची. लाल गादीची. चार वर्षं मी ती रोज पुसली होती. बसल्यावर किती मऊ लागते ते मला माहीत नव्हतं. कमरेतली कळ एकदम वर आली आणि उतरली.

भाभींनी पिना तोंडातून काढल्या. “उठ.”

“नाही उठत,” मी म्हणाले. “मायं पोट तुमच्या दुकानातला माल नाही.”

आवाज मोठा नव्हता. पण अख्ख्या माळ्यावर ऐकू गेला. भाभींचा चेहरा पडला नाही, लाल झाला नाही. त्यांना फक्त कळेना. टेबल बोललं तर माणूस पाहील तसं त्या माझ्याकडे पाहत होत्या. आलेली गिऱ्हाईक बाईच म्हणाली, बसू द्या तिला. मी त्या बाईसाठी बसले नव्हते. माझ्यासाठी बसले होते. दहा मिनिटं बसले. मग पिशवी उचलली आणि खाली आले. कोणाला “पुन्हा या” म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेले. नवऱ्याने ऑटोने सोडलं, पण आत आला नाही. तिथल्या मॅडमनी अर्ज घेतला, पोच दिली, दुकानात माणसं किती ते विचारलं. मी सतरा नावं लिहून दिली. चार दिवसांनी केनवडला आईला सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे. आईने आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात निंदणं-खुरपणं केलं. माझ्या वेळी सकाळपर्यंत निंदत होती, दुपारी मी झाले. बाराव्या दिवशी पुन्हा वावरात. तिने खुरपं खाली ठेवलं नाही, नुसती मान वर केली.

“मले कोनी सुट्टी देल्ली नाई. म्हनून तुले बी नको काय? भांड.”

पहिल्या सुनावणीला सेठ पांढरा शर्ट घालून आला. सोबत एक वकील. मला त्या खोलीत बघून तो असा हसला, जणू मी त्याच्या मुलीच्या लग्नाला आलेय. मॅडमनी विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. चौदा एप्रिलला सकाळी ही स्वतः दुकानात आली. गल्ल्यावर माझ्या हातात हा कागद दिला. रडत होती बिचारी. मी म्हटलं, बेटा विचार कर. ती म्हणाली, नाही सेठजी, आता घरी राहते.

मॅडम म्हणाल्या, हे लिहून द्या. त्याने लिहून दिलं. वकिलाने वाचलं, सेठने सही केली. चौदा एप्रिल, सकाळी अकरा, दुकानात, स्वतः हजर राहून.

मग मी फोन काढला.

दुकानाचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. मी खुर्चीवर बसले त्याच संध्याकाळी सेठने मला त्यातून काढून टाकलं होतं. काढल्याने जुने मेसेज जात नाहीत, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. चौदा एप्रिल, सकाळी नऊ वाजून काही मिनिटं, सेठच्या स्वतःच्या नंबरवरून. मॅडमनी फोन हातात घेतला आणि मोठ्याने वाचलं.

“आज जयभीमवाल्या तिघी सुट्टीवर आहेत. दिवसभर नाचतीन. बाकीच्यांनी दहाच्या आत या, आपल्याले धंदा करायचा आहे.” पुढे तिघींची नावं. पहिलं माझं. आणि शेवटी हसण्याची तीन तोंडं.

“जयभीमवाल्या” या शब्दापाशी मॅडमचा आवाज अडखळला होता. पण त्यांनी पूर्ण वाचलं. वकिलाने सेठकडे पाहिलं. सेठ म्हणाला, “ते... ते मजाकमधी टाकलं होतं.”

मला आनंद झाला असं कोणाला वाटेल. नाही झाला. चार वर्षं मी या माणसाला सेठजी म्हणत होते. त्याच्या दुकानातल्या खुर्च्या पुसत होते. आणि त्याला मी कोण आहे हे रोज आठवत होतं, फक्त आम्ही माणसं म्हणून कोणत्या दिवशी कुठे असतो एवढंच आठवत नव्हतं. जो मेसेज टाकून तो हसला होता, तो त्याच्या स्वतःच्या ध्यानात राहिला नाही. आम्हाला हिणवणं त्याच्यासाठी एवढं साधं काम होतं.

मॅडमनी पुढची तारीख दिली. मध्ये जुलैमध्ये मी बाळंत झाले. मुलगी. दोघीही ठीक.

बारशाच्या आदल्या दिवशी मंगलाताई घरी आली. तिच्या हातात दुकानाची पिशवी होती, दोरीची मूठ असलेली, भारी गिऱ्हाइकाला देतात तसली. पिशवीत पेढ्यांचा बॉक्स होता आणि एक साडी. मंगलाताई बाळाकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. सेठने सांगितलेलं ती पाठ केल्यासारखं बोलली. झालं गेलं विसरून जा. कामावर ये. सेठचा राग नाही. फक्त विषय संपव.

मी साडी उलगडली. हिरवी. तीच. डाव्या खांद्याच्या जागी पदराला दोन बारीक भोकं होती. माझ्याच पिनांची. जी साडी माझ्या अंगाला लागली म्हणून विकली गेली नाही, ती त्यांनी माझ्या लेकराच्या बारशाला पाठवली होती. वास तोच होता. माझा.

पिशवीच्या तळाशी दोन कागद होते. पहिला टाईप केलेला, माझी काही तक्रार राहिली नाही म्हणून. त्याच्याखाली दुसरा. माझ्या जुन्या राजीनाम्याची सेठच्या अक्षरातली नक्कल, माझ्या हाताने परत लिहून काढायला. तारखेच्या जागी त्याने एक रेघ मारली होती आणि पेन्सिलने लिहिलं होतं, ही जागा सोडणे.

मी तो कागद पुन्हा एकदा वाचला. मग मंगलाताईला विचारलं, “तुया कागद कोठी हाय?”

ती आता माझ्याकडे बघत होती. “फायलीतच. तिसरा.”

“पाहिजे काय तुले?”

तिने बाळाच्या मुठीत बोट घातलं. मग म्हणाली, “सेठले काय सांगू?”

“सांग, साडी घेतली म्हणून. कागद बी घेतले. पेढे वापस.”

ती पेढे घेऊन गेली. दारात वळून थांबली. सुनावणीची तारीख कोणती, ते तिने विचारलं. मी सांगितली.

साडी मी धुतली नाही. घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आहे, वर पेन्सिलचा कागद. सुनावणीला ती टेबलावर ठेवणार. बाळ मांडीवर असेल. भूक लागली तर तिथेच पाजीन, ज्याला बघवत नाही त्याने बाहेर जावं. मला माझे सव्वीस आठवडे पाहिजेत, माझी जागा पाहिजे. आणि आणखी एक मागणी मी नव्याने लिहून दिली आहे. ती निळी फाईल. माझा कागद त्या दिवशी बाहेर निघाला. आत अजून सोळा आहेत. सोळाही जणांच्या हातात त्यांचे कागद परत दिल्याशिवाय मी त्या खोलीतून उठणार नाही.